लुमाण्णांच्या ड्रॉवरमधलं

खडेबाजारातलं दुकान रिकामं करताना
शेवटच्या ड्रॉवरमध्ये, टाचण्यांच्या खाली,
मलमलीत गुंडाळलेलं हे मिळालं.
बोटभर पितळ. तीन पाय, त्यातला एक स्क्रूचा.
वर दोन कडा समोरासमोर,
बैठकीतल्या व्याह्यांसारख्या, जवळ आणि अंतर राखून.
बाजूचा स्क्रू फिरवला की सरकतात,
पण पूर्ण मिटत नाहीत.
धार नाही. दात नाहीत. पकडत तर काहीच नाही.

बाकीचं सगळं ओळखीचं होतं,
चिमटे, भिंग, तेलाची इवलीशी दौत.
अप्पांनी हात लावू दिला नाही कधी,
तरी नावं पाठ होती आम्हाला.
ह्याचं नाव घरापर्यंत आलंच नव्हतं.

शहापुरात वामन रेवणकरांनी भिंगातून पाहिलं.
"कडा अकीकाच्या. पितळेचे नव्वद देतो,
अकीक तू ठेव."
टेलर इस्माईल मुल्ला म्हणाला, काज मोजायचं असंल.
रिटायर्ड कंपाउंडर कडोलकर बराच वेळ मान हलवत राहिले
आणि म्हणाले, डोळ्याचं.
डोळ्याचं काय, ते सांगितलं नाही.

"काय शोधूलायस एवढं?" भाऊ म्हणाला. "टाक भंगारात."
त्याच्या ऋजुतानं खेळण्यातल्या जीपचं निखळलेलं चाक,
मधल्या तारेसकट,
त्या दोन कडांवर ठेवलं.
चाक फिरलं. थांबलं. उलटं फिरलं.
"आत्या, हे मागे का येतंय?"
मी तेव्हा भाड्याच्या पावत्या जुळवत होते.

मग बैलहोंगलची बस.
पाटी वाचण्यापुरतं कन्नड येतं मला,
भांडण्यापुरतं येत नाही.
ईरप्पा पत्तार, वय शहाऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
अप्पांबरोबर एकाच मालकाच्या शिव्या खाऊन शिकलेले.
हातात घेतलं आणि त्यांनी डोळे मिटले.
अंगठ्याचं नख कडेवरून नेलं.
"एल्लि भार," म्हणाले, "अल्लि केळग."
जिथं भार, तिथं खाली.
भार तर आमच्याच घरातला शब्द.
उरलेलं त्यांच्या बोटांनी सांगितलं:

घड्याळातलं ते हलतं चाक, स्प्रिंग काढून,
त्याचा आस दोन कडांवर टेकवायचा.
श्वास रोखायचा. मग एक फुंकर,
समई विझणार नाही इतकी.
फिरून फिरून जी बाजू खाली येते ती जड.
तिथून किंचित खरवडायचं.
परत फुंकर.
"कुठंही थांबायला लागलं की झालं," पत्तार मराठीत म्हणाले,
"आवडती जागा राहायला नको त्याला."

फुंकर.
म्हणजे ती.
संध्याकाळी बाकावर वाकलेले अप्पा,
डोळ्यात भिंग, ओठ चिमटलेले,
फू करून थांबायचे. बघायचे. परत फू.
आम्ही धूळ समजायचो.
आई समजायची धाप,
आणि डब्याबरोबर अडुळशाचा काढा पाठवायची.
प्यायचे ते. बावीस वर्षं.
ही धाप नाही, असं कधी म्हणाले नाहीत.

परतताना बसमध्ये मी ते मांडीवर धरून होते.
शेजारच्या बाईनं विचारलं, काय आहे.
मला दोन्ही भाषांत सांगता आलं असतं.
सांगितलं नाही.

घरी फरशीवर ठेवून, स्क्रूच्या पायानं पातळी जुळवून,
जीपचं चाक कडांवर टेकवलं.
फू.
ओरखड्याची बाजू खाली.
परत फू. परत ओरखडा.
जड कुठं आहे ते दिसतं.
खरवडायचं कशानं, ते विचारायचं राहून गेलं.

"आत्या, चाक दे की," ऋजुता दारातून म्हणते,
"जीप तीनवर उभी आहे."